द्राक्षांचा गॅस

"टाकी बघा, टाकी. अरे उठा, कुंभकर्णाच्या अवलादींनो, टाकी आभाळाला टेकली," असं आबा गोठ्यामागून ओरडत होते, आणि आबांचं ओरडणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हतं. त्यांनी निफाडच्या बाजारात बैलाला हाक मारली तर आमच्या दावणीचा बैल मान वर करायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मी तोंडात राखुंडी घेऊन धावले. आई पदराला हात पुसत आली. विमलअक्का आली नाही, कारण त्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते आणि ती पहाटेपासून एकच वेणी सातव्यांदा घालत होती. बघते तर काय, आमच्या गोबरगॅसची लोखंडी टाकी, जी एरवी शेणकाल्यात कंबरभर बुडून म्हशीसारखी बसलेली असायची, ती खड्ड्यातून पार वर येऊन उभी राहिली होती. हातभर उंच म्हणते मी आता. तेव्हा शाळेत मी पुरुषभर म्हणून सांगितलं होतं.

"बघितलं?" आबा म्हणाले. "तीन दिवसांत एवढा गॅस. आता संध्याकाळी दोन्ही शेगड्या नि तिन्ही बत्त्या एकदम लावायच्या. नांदगावच्या पाहुण्यांचे डोळे दिपले पायजेत."

आईने नाक मुरडलं. "वास आंबट येतोय, अहो."

"समृद्धीचा वास हाय तो. तुला सवय नाय."

ही समृद्धी कुठून आली ते सांगायला आधी आमचं घर सांगावं लागेल. आमचं घर निफाडच्या अलीकडे, पाटाच्या पलीकडे. विजेचे खांब पाटापर्यंत येऊन थांबले होते, पंगतीला आमंत्रण नसलेले लोक दारात घुटमळावेत तसे. 'या' म्हणायचं काम फक्त आबांचं होतं आणि आबा म्हणत नव्हते. गरिबीमुळे नव्हे. आबा आधी नाशकात एका वर्कशॉपात फिटर होते, आम्ही गंगापूर रोडला दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, आणि तिथे लाइट होती. एकदा घरमालकाकडे पुरणपोळीचं जेवण होतं. ऐन पंगतीत लाइट गेली. आली तेव्हा आबांच्या पानातली पोळी तशीच होती आणि शेजारच्या पानातल्या दोन संपल्या होत्या. शेजारचं पान घरमालकाचं, आणि लाइटीचं बटणही त्याच्याच ताब्यात. तिथून बिऱ्हाड हललं ते थेट शेतावर. खरं कारण आजोबा थकले होते आणि शेत बघायला कुणी नव्हतं हे होतं, पण आबा पोळीचंच सांगायचे, आणि शेवटी एक वाक्य जोडायचे, जे मी लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ केलं: "जे दुसरा कुणी बंद करू शकतो, ते आपलं नाय."

मग आबांनी फिटरची पेटी उघडली आणि जे कुणी बंद करू शकणार नाही असं घर उभं केलं. विहिरीवर तेलाच्या पिंपांचे पत्रे कापून पवनचक्की केली. ती दिवसभर कर्र-टक, कर्र-टक करत पाणी छपरावरच्या हौदात चढवायची आणि तिथून ते नळाने घरात यायचं. पंचक्रोशीत बायका डोक्यावर हंडे वाहत होत्या तेव्हा माझी आई मोरीत उभ्या उभ्या नळ सोडायची. गावातल्या बायका हळदीकुंकवाला म्हणून यायच्या आणि कुंकू घ्यायच्या आधी नळ सोडून बघायच्या. चक्कीला सायकलचा डायनामो जोडलेला होता, त्याच्यावर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी भरायची आणि बॅटरीवर रेडिओ. वैशाखातला वारा सुटला की बातम्या देणारी बाई घाईने बातम्या द्यायची, असं मी आजही शपथेवर सांगेन. माझा मुलगा इंजिनियर आहे, तो म्हणतो हे शास्त्रात बसत नाही. बसत नसेल. मी ऐकलेलं आहे.

उन्हाळ्यात मागच्या खोलीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे. हौदाच्या नळीला आबांनी दाभणाने भोकं पाडली होती, त्यातून पडद्यांवर थेंब थेंब पाणी गळायचं आणि बाहेर लाहीलाही होत असताना आत आम्ही दुपारी गोधडी ओढून झोपायचो. दुधाची बरणी दोराने विहिरीत सोडलेली असायची, पाण्याला टेकून. त्यातलं ताक असं गार की पाहुण्यांचे दात कळवळायचे आणि आबा शेजारी उभे राहून मोजायचे, कुणाचे किती कळवळले. आणि सगळ्यात वरची शान म्हणजे गॅस. चार म्हशी, दोन बैल, त्यांचं शेण; रोज सकाळी पाण्यात सारखं कालवून खड्ड्यात सोडायचं, टाकीखाली गॅस साठायचा आणि नळीने स्वयंपाकघरात. निळी, स्वच्छ, काजळी न धरणारी ज्योत. तिच्यावर आई बाजरीची भाकरी टाकायची ती अशी फुगायची की उडून जाईल म्हणून मी ताटाने दाबून धरायचे. हुलग्याचे शेंगोळे त्या गॅसवर रटरट शिजत असले की लसणाचा वास पाटापर्यंत जायचा आणि खांबांच्या पायथ्याशी बसलेली कुत्री उठून आमच्याकडे चालू लागायची. संध्याकाळी ओसरीवर गॅसची बत्ती सुस्स आवाज करत पेटायची, तिच्याखाली मी अभ्यास केला, अक्काने भरतकाम केलं, आबांनी रेडिओ तीनशे वेळा उघडून बंद केला.

आज मी सातव्या मजल्यावर राहते, त्याच गंगापूर रोडला. लाइट गेली की लिफ्ट बंद, पाणी बंद, दाराची घंटाही बंद; पाहुणा दार वाजवतो आणि आम्ही दचकतो. अशा वेळी मला आबांचं वाक्य आठवतं, आणि मी ते मुलाला ऐकवते, आणि तो इन्व्हर्टर लावतो.

गॅस आला त्या दिवशी आबा कुदळ घेऊन चूल फोडायला निघाले होते. आई चुलीपुढे उभी राहिली. "राहू द्या."

"कशाला? आता काय काम तिचं?"

"मांजराला बसायला."

आणि मांजर खरंच तिथे बसायला लागलं. सहा वर्षं बसलं. आबा येता-जाता त्याला म्हणायचे, "काय सरकार, बरं हाय ना सिंहासन?"

तर या असल्या राज्यात एक दिवस वीज कचेरीचा वायरमन सायकलवरून आला. मधुकर नाव, नांदगावचा, बदलीवर आलेला, उंच इतका की खांबावर चढायला त्याला अर्धाच खांब लागत असेल. त्याने ओसरीवर बसून कनेक्शनचा अर्ज काढला आणि सांगितलं की पाटापासून तुमच्या घरापर्यंत आठ खांब टाकले की झालं. आबांनी त्याला ताक पाजलं, घर दाखवलं, वाक्य ऐकवलं आणि वाटेला लावलं. अर्ज त्याने ठेवून दिला, म्हणाला विचार करा. आईने तो लोणच्याच्या बरणीखाली घातला, फळी तेलकट होऊ नये म्हणून. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. मग पुन्हा. आबांना वाटायचं सरकार आपल्या पाठी लागलंय आणि त्यांची छाती चार बोटं वाढायची. "लय चिवट हाय बेणं," ते कौतुकाने म्हणायचे, "पण मी बधायचो नाय." आईला दुसऱ्याच फेरीला कळलं होतं की हा काही खांब रोवायला येत नाही. मला तिसऱ्या फेरीला कळलं, कारण तो पाटावरून वळला की अक्काला नेमके उडदाचे पापड ओसरीवर वाळत घालायचे असायचे. श्रावणातसुद्धा.

फेऱ्या किती झाल्या ते मी सांगत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. शेवटी रंगनाथमामांच्या तोंडून रीतसर विचारणा आली. रंगनाथमामा म्हणजे शेजारचे बागायतदार, सगळ्यांचेच मामा. आबा म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय. धंदा वाईट."

अक्का आईला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, हाच. नाहीतर मला कुणाला दाखवू नका." एवढंच. अक्का बोलायची कमी. आमच्या घरात आबा असल्यावर दुसऱ्या कुणाला बोलायला फारशी जागाही नसायची. आईने ते जसंच्या तसं आबांना सांगितलं आणि वर स्वतःचं घातलं: "हे मोडलं तर पोरगी तुमच्याशी बोलायची नाही. आधीच कमी बोलते."

आबांनी ते मनावर घेतलं, आणि आबांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरादाराने सावध व्हावं. पाहुण्यांना आपलं घर अंधारातलं वाटू नये, उलट लाइटवाल्यांनीच बघून हेवा करावा, असा त्यांनी बेत आखला. ओसरीला एकाऐवजी तीन बत्त्या टांगल्या. पण तीन बत्त्या आणि दोन शेगड्या एकदम चालवायच्या तर गॅस पुरायचा नाही. नेमका त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस पडून रंगनाथमामांच्या बागेत घड तडकले. बाजारात न्यायच्या लायकीचे राहिले नाहीत. मामा डोक्याला हात लावून बांधावर बसले होते, आबा त्यांच्याशेजारी बसले, एक मणी तोंडात टाकला, आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"रंगनाथा, म्हैस खाती काय? चारा. चाऱ्यात गोडी असती म्हणून गॅस हुतो. बरोबर?"

"असेल."

"मग नुसती गोडीच घातली तर? मधली म्हैस कशाला?"

रंगनाथमामांना त्या क्षणी कुणी बाग पेटवून दे म्हटलं असतं तरी ते हो म्हणाले असते. त्यांनी पाट्याच्या पाट्या भरून दिल्या. दोन दिवस आबा आणि मी द्राक्षं वाहत होतो. मी नववीत होते, शाळेत शास्त्र चांगलं होतं, आणि मलाही ते पटलं होतं, हे कबूल करते. मधली म्हैस काढून टाकायची, याच्यात एक थोरपणा वाटत होता. अंगणभर माश्या झाल्या. म्हशी दावणीवरून आमच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मी विसरलेले नाही. आणि आबांनी हुकूम काढला की पाहुणे येईपर्यंत गॅसला कुणी हात लावायचा नाही, सगळा साठला पाहिजे. दोन दिवस आईने मांजराला उठवून चुलीवर स्वयंपाक केला. मांजर दारात बसून रडलं.

आणि तिसऱ्या पहाटे टाकी वर आली होती.

पाहुणे उन्हं उतरताना आले. मधुकर, त्याची आई, आणि वडील, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्या नांदगावच्या बाजारात मापाडी होते. आयुष्यभर धान्य मोजून त्यांची नजरच तराजूसारखी झाली होती, घरात शिरले आणि डावीकडून उजवीकडे सगळं तोलत गेले. आबांनी नळ दाखवला, वाळ्याचे पडदे दाखवले, रेडिओ लावला, ताक पाजलं. तात्यांचे दात कळवळले, ते मीही मोजलं. काटा आमच्या बाजूला झुकत होता. मधुकरच्या आईने तर पडद्यापाशी बसूनच घेतलं, उठायचं नाव काढेना. मग आबा उभे राहिले, खाकरले, आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "विमल, च्या टाक. दोन्ही शेगड्या लाव."

आत काडी ओढल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी. मी आत गेले. अक्का शेगडीची चावी सोडत होती, गॅस फुसफुसत येत होता, भरपूर येत होता, आणि काडी धरली की काडीच विझत होती. अक्काने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यापेक्षा वाईट होतं. ती शांत झाली होती. आई चुलीकडे गेली, मांजराला मानगुटीला धरून उचललं आणि काटक्या पेटवल्या.

बाहेर आबांना धीर नव्हता. सूर्य पाटाखाली गेला होता आणि ते पहिल्या बत्तीखाली काडी घेऊन उभे होते. काडी विझली. दुसरी बत्ती. विझली. तिसऱ्या बत्तीला त्यांनी टेंभाच धरला, तर बत्तीने त्याच्यावर असा फुस्स करून श्वास सोडला की टेंभ्याची ज्योत आडवी झाली. एवढ्यात चुलीचा धूर स्वयंपाकघरातून सगळ्यांच्या डोळ्यांत आला.

मधुकर उठला. नळीपाशी गेला, नाक लावलं, मग गोठ्यामागे जाऊन टाकीभोवती फिरून आला. "काय घातलंत?"

"शेण," आबा म्हणाले.

"आणि?"

"पाणी."

"द्राक्षं," मी म्हणाले. "पंचवीस पाट्या."

तेवढ्यापुरती मी आबांची मुलगी राहिले नाही, त्यांच्या नजरेवरून कळलं. पण मधुकर हसला नाही. त्याने मान डोलावली, जशी डॉक्टर डोलावतात. "आंबलंय आत. आमच्या नांदगावला एकाने गुळाची घाण घातली होती, तसंच झालं. टाकी भरते पण ती नुसती हवा. जळत नाही. पंधरा दिवस काही घालू नका, थोडी चुन्याची निवळी सोडा, मग ताजं शेण थोडं थोडं. येईल जागेवर."

आईने कंदील आणून मधे ठेवला. चहा आला, धुराच्या वासाचा, पण चहा चांगला होता. तात्यांनी तो बशीतून शांतपणे प्यायला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "रागावू नका, पाव्हणं. घर लय छान हाय. पोरगी तर सोनं. पण माझा पोरगा लाइटीत कामाला. त्याचं लगीन सासऱ्याच्या दारात लागणार, सगळं नांदगाव येणार, आणि मांडवात अंधार? भाड्याच्या बत्त्या आणून वायरमनचं लगीन लावलं तर मला बाजारात माप हातात धरू देतील का लोक?"

एरवी आबांनी यावर वाक्य ऐकवलं असतं, पोळीची गोष्ट सांगितली असती. मी वाट बघत होते. आबा कंदिलाकडे बघत बसले होते. मला वाटतं ते हिशेब करत होते: इथे कचेरीत बसून कुणी बटण दाबलं नव्हतं. घरमालक नव्हता. आपल्या हाताने, पाट्या वाहून वाहून, आपणच बंद पाडलं होतं. मग ते उठले, आत गेले. फळीवर बरणी सरकल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तो अर्ज होता, मधोमध बरणीच्या बुडाचा तेलाचा गोल उमटलेला, एका कोपऱ्याला मोहरीची डाळ चिकटलेली. त्यांनी मांडीवर बसायचा पाट घेतला, माझ्या दप्तरातलं पेन मागितलं आणि सही केली. आबांची सही मोठी असायची, त्या दिवशी लहान आली.

"घ्या," ते मधुकरला म्हणाले. "मी म्हणायचो, जे दुसरा बंद करू शकतो ते आपलं नाय. पण पोरगी आपली हाय. टाका तुमचे खांब."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं, बहुतेक पळी. आईने पदर डोळ्याला लावला, धुरामुळे असेल. तात्या खूश होऊन मांडी बदलून बसले. मी म्हणते, त्या क्षणी पवनचक्कीसुद्धा थांबली होती, कारण मला कर्र-टक ऐकू आलेलं आठवत नाही.

मधुकरने अर्ज कंदिलापाशी धरला आणि वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. मोहरीची डाळ नखाने काढून बाजूला ठेवली. घडी घालून अर्ज खिशात घातला.

"खांब शिल्लक नाहीत," तो म्हणाला.

"म्हंजे?" आबांनी विचारलं.

"संपलेत. कचेरीत एकपण नाही. मागणी गेलीय."

"मग कधी येतील?"

"दोन वर्षं धरा."

आबांनी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी आपल्या पोराकडे, आणि मधुकरच्या आईने पडद्यापाशी बसल्या बसल्याच पाण्याचा एक थेंब तळहातावर झेलला. "अरे, मग इतके दिवस अर्ज घेऊन इथं काय करायला येत होतास?" तात्यांनी विचारलं. मधुकर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. एवढा उंच माणूस, पण त्या वेळी माझ्या खांद्याला लागला असता.

"ते जाऊ द्या," तात्या शेवटी म्हणाले. "पण मांडवातल्या उजेडाचं काय करायचं?"

बघायच्या कार्यक्रमात मुलीने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं, आणि आमची अक्का तर विचारल्यावरही उघडायची नाही. पण धुरातून, चुलीपुढून, तिचा आवाज आला, भाकरी उलटताना यावा तसा.

"मुहूर्त दुपारचा काढा."